आजी हजर असल्याचा पुरावा

माझ्या बायकोचे हात माझ्या अडीच वर्षं आधी फिनलंडला पोचले. बाकीची बायको कराडलाच राहिली.

यात घाबरून जाण्यासारखं काही नाही. दूरहात आता बऱ्याच घरांत असतात. तेव्हा मात्र ते नवीन होते, आणि आमच्याकडे आले ते आमच्या नातीमुळे, गोदावरीमुळे. हो, गोदावरीच. माझ्या आत्याचं नाव गोदावरी होतं आणि कॉलेजात ते कोणाला कळू नये म्हणून ती आयुष्यभर 'जी. व्ही.' एवढंच सांगत राहिली. मध्ये पुष्कळ वर्षं गेली आणि तेच नाव फॅशनमध्ये आलं, तेही उत्तर ध्रुवाच्या शेजारी.

मुलगा तन्मय आणि सून सानिका औलूला राहतात. आर्क्टिक वर्तुळ तिथून मोटारीने अडीच तासांवर. सानिका लाकडापासून कापड करणाऱ्या प्रयोगशाळेत आहे आणि तन्मय घरी बसून जहाजांतल्या खोल्यांचे नकाशे काढतो. मूल झालं की बापाने महिनोन् महिने रजेवर घरी बसायचं, ही तिथली पद्धत. सरकार त्याचं कौतुक करतं. तन्मयच्या जन्माच्या वेळी मी दोन दिवस रजा घेतली होती, तर सासरेबुवांनी "नोकरीत काही बिनसलंय का?" असं हळूच विचारलं होतं.

वासंती, म्हणजे माझी बायको, कराडच्या एका प्रसूतिगृहात बत्तीस वर्षं नर्स होती. गावातल्या निम्म्या नगरसेवकांना तिने पालथं घालून पाठीवर थापट्या मारलेल्या आहेत. ते अजूनही तिच्यासमोर जरा बिचकूनच असतात. बाळाला न्हाऊ घालायचा तिचा क्रम ठरलेला. डावा पाय, उजवा पाय, पोट, छाती, डावा हात, उजवा हात, पाठ, शेवटी टाळू. बत्तीस वर्षांत तिने उजवा पाय आधी धरला, असं एकदाही घडलं नाही.

नातीच्या जन्माला जायची तिची बॅग भरून तयार होती. त्यात डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, बाळाची झबली आणि कोपऱ्यात माझा एक शर्ट. निघायला आठ दिवस असताना तिला चक्कर आली, कानाच्या आतल्या भागाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणाले, "वासंतीताई, विमान विसरा. कायमचं." तन्मयने बोटीचा मार्ग शोधला. पण वासंतीला रिक्षा लागते. बोटीचा विषय तिथेच संपला.

मग फोनवरून बाळंतपण सुरू झालं. सानिका तिकडे फोन धरायची, वासंती इकडून ओरडायची, "अगं मान धर... मान!" एका हाताने फोन धरलेल्या बाईने मान कशी धरायची, याचं उत्तर तेव्हाच्या तंत्रज्ञानाकडे नव्हतं. एके दिवशी सानिकाने फोन भिंतीला टेकवला आणि रडत बसली. बाहेर पाऊस, तन्मय औषधं आणायला गेलेला, मांडीवर तेरा दिवसांचं पोर. वासंती कराडच्या स्वयंपाकघरात पडद्यासमोर दोन्ही हात पुढे करून उभी होती. ते हात तसेच हवेत राहिले.

पुढच्याच महिन्यात तन्मयने दूरहात मागवले.

चाकांवरचा एक पोलादी खांब, त्याला खांद्याच्या उंचीवर दोन बाहू, बाहूंना दोन मऊ, कोमट हात. कराडला वासंतीच्या हातांत कोपरापर्यंत मोजे. तिने बोट हलवलं की तिकडचं बोट हलतं. तिकडे बाळाचा गाल लागला की मोज्याच्या आतले बारीक ठिपके फुगतात आणि तिच्या बोटाला गाल लागतो.

सगळ्यात मोठी अडचण उशिराची होती. कराडचा निरोप समुद्राखालच्या तारांतून वळणं घेत औलूला जाऊन परत यायचा तर सेकंदाचा पाचवा भाग लागतो. बोलताना ते जाणवतही नाही. हाताला जाणवतं. पाठीला हात टेकला हे वासंतीला उशिरा कळलं तर तोवर ती आणखी दाबणार, मग दचकून मागे घेणार, तेही उशिरा. म्हणजे थोपटायला जावं आणि धपाटा बसावा. प्रकाशाला याहून जोरात पळवता येत नाही. म्हणून इंजिनियरांनी यंत्रालाच अंदाज करायला शिकवलं. आजीचा हात पुढच्या क्षणी कुठे जाईल, ते यंत्र तिच्या सवयीवरून ताडतं आणि निरोप यायच्या आधीच हात तिकडे न्यायला लागतं. मागून खरा निरोप येतो. अंदाज जुळला तर काम चालू, चुकला तर वाटेतच दुरुस्ती. यात माणसाचा निरोप नेहमी वरचढ, यंत्राने मध्ये यायचं नाही, असा कायदा आहे.

थोडक्यात, ते यंत्र रोज थोडी थोडी आजी शिकत जातं.

"सासूचे फक्त हात आले आणि तोंड कराडला राहिलं," मी म्हणालो, "अशी सोय आमच्या आईच्या वेळी असती तर..."

वासंतीने मोजे न काढताच मला चापट मारली. त्याच क्षणी औलूच्या न्हाणीघरात एक हात हवेत फिरला आणि साबणाची वडी खिडकीपर्यंत गेली.

पहिल्या दिवशीचं न्हाऊ मात्र बघण्यासारखं झालं. डावा पाय, उजवा पाय, पोट, छाती. गोदू आधी रडली, मग गप्प झाली, मग तिने जांभई दिली. सानिका कडेला स्टुलावर बसली होती. "आई, हात अगदी तुमचेच आहेत हो," एवढंच म्हणाली. वासंतीने बाळ दुपट्यात गुंडाळलं, तिच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात ओवाळून घेतले आणि सवयीने स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

आता, जिथे वासंतीचं डोकं असतं तिथे त्या यंत्रात पोलादी खांब होता. मी इतकी वर्षं संसार केलेला माणूस, मला या रचनेत काही चूक दिसली नाही. पण यंत्राची आठ बोटं मोडली.

कंपनीचा तंत्रज्ञ आला. बाईंना नेमकं काय करायचं होतं, असं त्याने विचारलं. तन्मय म्हणाला, "बाळाला लागणारी दृष्ट, बाळाची सगळी पीडा ती स्वतःवर घेत होती." तंत्रज्ञाने तक्त्यात बराच वेळ जागा शोधली आणि 'अतिभार' असं लिहिलं. मग म्हणाला, "ही हालचाल मी यंत्राच्या आठवणीतून पुसून टाकतो. ते आपणहून असं कधीही करणार नाही. पण आजींनी स्वतः केलं तर आम्हाला अडवता येणार नाही. तेव्हा त्यांना सांगा."

वासंतीने देवासमोर उभं राहून शब्द दिला. तेव्हापासून न्हाऊ झालं की ती आधी मोजे काढायची, मग पडद्यासमोर येऊन गोदूच्या चित्रावरून हात ओवाळायची आणि स्वतःच्या खऱ्या डोक्यावर बोटं मोडायची. गोदू रोज ते बघायची. चालायला लागल्यावर तिने बाहुलीची अलाबला घेतली, मग शेजारच्या मांजराची, मग अंगणातल्या बर्फाच्या माणसाची. बोटं तिची मोडायची नाहीत, म्हणून ती तोंडानेच म्हणायची, "कड कड कड!"

"पण काचेवरून घेतलेली अलाबला पोचते का हो?" वासंती मला विचारायची.

"आवाज पोचतो," मी म्हणायचो.

"तुम्हाला विचारण्यात अर्थ नाही."

यंदाच्या मार्चमध्ये मी तीन महिन्यांसाठी औलूला गेलो. माझ्या कानांना काही झालेलं नाही. वासंतीच्या मते ते मी वापरलेलेच नाहीत.

परदेशात मूल वाढवणं म्हणजे नेमकं काय, ते मला तिथे कळलं. तिथे तान्ह्या मुलांना दुपारी बाबागाडीत घालून बाहेर बर्फात झोपवतात. उणे दहात! आई आत कॉफी पिते आणि मूल बाहेर गुलाबी होऊन घोरतं. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा वासंतीने दूरहात खांबासकट ढकलत दारापर्यंत नेले होते आणि उंबऱ्याला चाकं अडल्यामुळेच फिनलंडचं एक बाळ आत यायचं वाचलं. गोदूला बाहेर न्यायचं तर तिच्यावर कपड्यांचे इतके थर चढवावे लागतात की शेवटचा थर चढेपर्यंत तिला शू लागते. पाळणाघरात ती फिनिश बोलते, घरी मराठी, आणि बाहुलीला दोन्ही भाषांत रागावते. तन्मय-सानिका रविवारी पोह्यांवर ओल्या नारळाऐवजी तिथली कसली तरी जांभळी रानफळं घालतात आणि 'छान लागतं' असं म्हणतात. मी खाल्ले. छान लागत नाही.

आणि घरभर वासंतीचे हात. तिकडे सकाळचे साडेआठ म्हणजे कराडला दुपारचे बारा. स्वयंपाक आवरून ती मोजे चढवायची. न्हाऊ, वेणी, मग नाश्त्याच्या टेबलाशी. पहिल्या दिवशी मी दालचिनीच्या तिसऱ्या गोड पावाला हात घातला आणि सहा हजार किलोमीटरवरून मनगटावर चापट बसली.

"अहो, साखर!" पडद्यावरून आवाज आला.

विमानात मी काय काय स्वप्नं बघितली होती, ते इथे सांगत नाही.

आठवडाभरात नगरपालिकेच्या बालकल्याण विभागाचं पत्र आलं. तन्मयने वाचून दाखवलं. काही घरांतले आजी-आजोबा मोजे काढून फिरायला जातात आणि दूरहात नुसत्या अंदाजावर काम उरकतात, असं विभागाच्या लक्षात आलं होतं. चार वर्षांखालचं मूल एकट्या यंत्राच्या हाती देता येत नाही. तेव्हा हातांमागे माणूस आहे, हे तपासलं जाईल. चित्र आणि आवाज दोन्ही बंद ठेवावेत, कारण दोन्ही नकली बनवता येतात. तपासणी फक्त स्पर्शाची. शंभर हालचालींत किमान पाच वेळा हात यंत्राच्या अंदाजाबाहेर गेले तर मागे माणूस. नाही गेले तर ते यंत्र, आणि मूल चार वर्षांचं होईपर्यंत ते परत घेतलं जाईल.

गोदू पावणेतीन वर्षांची होती.

"आपलं किती येतं?" सानिकाने विचारलं.

तन्मयने यंत्राची नोंद उघडली. खाली-वर केली. पुन्हा बघितली.

"आई, शंभरात एकसुद्धा नाही," तो पडद्याकडे बघत म्हणाला.

"म्हणजे चांगलं की वाईट?"

"म्हणजे तू यंत्र आहेस."

वासंतीने मोजे घातलेले हात उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाली, "बत्तीस वर्षं डॉक्टर म्हणायचे, सिस्टर, तुमचा हात म्हणजे घड्याळ आहे. आता घड्याळ आहे म्हणून शिक्षा?"

"सव्वा वर्षाचाच प्रश्न आहे, आई," तन्मय म्हणाला. "नंतर पुन्हा मिळतील."

"सव्वा वर्षात वेणी किती वाढते, ठाऊक आहे का रे तुला?"

सानिका उठून खांबाशी गेली. ही तीच सानिका, जिने दूरहात आले त्या दिवशी तन्मयला बाजूला घेऊन 'न्हाणीघरापुरतेच हं' असं बजावलं होतं. तिने त्यातला एक हात आपल्या हातात घेतला. "आई, तेराव्या दिवशी मी फोन भिंतीला टेकवला होता, आठवतं? त्या दिवशी मी परत यायचं ठरवलं होतं. नोकरीबिकरी सगळं सोडून. मग हे आले. मी तुम्हाला कधी सांगितलं नाही." हाताने तिचा हात दाबला. तो वासंतीने दाबला की यंत्राने अंदाजाने दाबला, हे तेव्हा कोणाला बघायचंही नव्हतं.

तपासणीला बारा दिवस होते. वासंतीला बेशिस्त करायची जबाबदारी माझ्यावर आली. घरात त्या विषयातला जाणकार मीच.

"उद्या उजव्या पायापासून सुरू कर," मी म्हणालो.

"उजव्या?" तिने असं विचारलं, जसं मी तिला चपला घालून देवघरात जायला सांगितलं होतं.

पण केलं. पहिल्या दिवशी आकडा चारावर गेला. घरात जल्लोष. दुसऱ्या दिवशी तीन. आठव्या दिवशी पुन्हा एकाच्या खाली. तन्मयने नोंद तपासली आणि कपाळाला हात लावला. "आई, तू सोमवारी उजवा पाय, मंगळवारी पोट, बुधवारी पाठ अशी बेशिस्त वागतेस. यंत्राला वेळापत्रक कळलंय."

"मग काय वाटेल तसं करू?"

"तेच तर सांगतोय!"

"मला वाटेल तसं म्हणजे डावा पाय आधी," वासंती म्हणाली. 

मी तिला गाणं म्हणत न्हाऊ घालायला सांगितलं. यंत्राने ठेका पकडला. शिंक आल्याचं सोंग कर म्हणालो. तिने दर चौथ्या मिनिटाला शिंक काढली. उरला एकच उपाय. तिच्या जागी मोजे मी घालायचे. पण मी औलूत होतो. शिवाय गोदू घसरली असती.

तपासणीच्या दिवशी सकाळी नऊला दारावर टकटक झाली. बालकल्याण विभागाच्या साइयाबाई आल्या. पन्नाशीच्या, उंच, पांढऱ्या भुवया, डोक्यावर हाताने विणलेली लोकरी टोपी. बूट काढले, टोपी काढली, बसल्या. कॉफी घेतली. सहा मिनिटं काही बोलल्या नाहीत. आमच्याकडे पाहुणा सहा मिनिटं गप्प बसला तर लोक पाणी शिंपडतात. तिथे ती चांगली ओळख समजतात.

मग त्यांनी एक पाटी काढली. तिच्यावर एक दिवा. हिरवा म्हणजे माणूस, निळा म्हणजे यंत्र.

"चित्र आणि आवाज बंद करा," त्या म्हणाल्या. "वीस मिनिटं."

तन्मयने पडदा बंद केला. कराडच्या स्वयंपाकघरात वासंती आता एकटी होती. तिला काही दिसत नव्हतं, काही ऐकू येत नव्हतं. तिच्यापाशी राहिले होते फक्त दहा बोटांतले ठिपके.

दिवा निळा होता.

हात पुढे आले. थबकले. ठरल्याप्रमाणे उजव्या पायाकडे वळले. दिवा क्षणभर हिरवा झाला. सानिकाने माझा दंड घट्ट धरला.

गोदूने टबातून वर बघितलं. आजी चुकली हे तिच्या लक्षात आलं. तिने उजवा पाय हातातून सोडवून घेतला, डावा पाय उचलून त्या हातात ठेवला आणि समजावून सांगितलं, "आजी, हा आधी."

वासंतीला ऐकू आलं नाही, पण हाताला डावा पाय लागला. तिथून पुढे बत्तीस वर्षांची सवय. उजवा पाय, पोट, छाती, डावा हात, उजवा हात. दिवा निळाच्या निळा. मी मनात 'शिंक, शिंक' म्हणत होतो. ती शिंकली असेलही, चौथ्या मिनिटाला. पाठ. टाळू. निळा.

साइयाबाईंनी घड्याळ पाहिलं. "दोन मिनिटं राहिली." त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

हातांनी गोदूला टॉवेलात गुंडाळून स्टुलावर उभं केलं आणि ते घडी घालून खांबाशी जाऊन राहिले. गोदूने भिंतीवरच्या पडद्याकडे पाहिलं. रोज या वेळी तिथे आजी येते, मोजे काढलेले हात ओवाळते. पडदा काळाच होता. गोदू वाट बघत राहिली. मग तिने खांबाकडे पाहिलं. मग पडद्याकडे.

आजी विसरली. आजी विसरली तर आपण करायचं. तिच्या डोक्यात एवढंच आलं असणार.

टॉवेल सावरत ती पुढे झाली. खांबाला चेहरा नव्हता. म्हणून तिने यंत्राच्या दोन्ही हातांच्या पाठीवर आपले इवलेसे, ओले तळवे ठेवले, मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत ओवाळून खाली आणले, स्वतःच्या कानशिलांवर मुठी टेकवल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "कड! कड! कड!"

कराडला, भर दुपारी, काही न दिसणाऱ्या, काही ऐकू न येणाऱ्या एका बाईला हातांच्या पाठीवरून दोन लहान तळवे सरकत गेल्याचं कळलं. आणि ते काय होतं, हेही कळलं. तिच्या हातांवरून आजवर असं कोणी ओवाळलं नव्हतं. ते काम नेहमी तिचंच होतं.

घडी सुटली. दोन्ही हात झेपावले, गोदूच्या गालांवरून, कपाळावरून, ओल्या केसांवरून फिरले, मागे गेले...

"आई, नको!" सानिका ओरडली. पण आवाज बंद होता.

कड. कड. कड. कड. पोलादी खांबावर एकापाठोपाठ एक. एक बोट टबात पडलं आणि तरंगू लागलं. गोदूने टाळ्या वाजवल्या.

 मग मी पाटीकडे पाहिलं. दिवा हिरवा होता. भक्क हिरवा, आणि तो तसाच राहिला, कारण आता त्या हातांना निळं करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"त्यांनी असं का केलं?" साइयाबाईंनी विचारलं.

तन्मयने सांगितलं. बाळावर जे काही वाईट यायचं असेल ते माझ्यावर येऊ दे, असा त्याचा अर्थ. यंत्राच्या आठवणीतून ही हालचाल पुसलेली आहे, हेही त्याने सांगितलं. आईने शब्द दिला होता, हेही सांगितलं.

साइयाबाईंनी टबात तरंगणाऱ्या बोटाकडे पाहिलं.  मग त्यांनी तक्त्यात आकड्याची चौकट रिकामी सोडली आणि खाली 'शेरा' होता तिथे एक ओळ लिहिली. तन्मयने ती आम्हाला वाचून दाखवली: 'कोणतंही यंत्र कोणासाठी स्वतःची बोटं मोडत नाही. आजी हजर आहेत.'

तन्मयने पडदा सुरू केला. वासंती मोजे घातलेल्या हातांनीच डोळे पुसत होती.

"मी मोडलं गं सानिका! सगळं घालवलं मी! देवासमोर शब्द दिला होता. पण तिने... अगं, तिने माझी..."

"आई, आई, ऐका तरी!"

"काय तोंडाने ऐकू?"

"कानाने ऐक," मी म्हणालो. "पास झालीस."

"तुम्ही गप्प बसा हो, मेली चेष्टा सुचते तुम्हाला!" मग तिने तन्मयकडे पाहिलं, सानिकाकडे पाहिलं. सानिका हसतही होती आणि रडतही होती. टबातलं बोट तिने झेंड्यासारखं उंच धरलं होतं.

"खरंच?"

"खरंच, आई."

"मग त्या बाईंना रिकाम्या पोटी पाठवू नका," वासंती म्हणाली. "शिरा करा. आणि ह्यांना नको."

साइयाबाईंनी शिरा दोनदा घेतला. दारात बूट घालायला त्या वाकल्या तेव्हा गोदू धावत गेली, त्यांच्या दोन्ही गालांवरून हात ओवाळून म्हणाली, "कड कड कड!" त्या वाकलेल्याच राहिल्या. मग उठल्या, टोपी कानांपर्यंत ओढली आणि 'हेइ हेइ' म्हणून गेल्या. बाई जिना उतरेपर्यंत आम्ही त्यांच्या पावलांचा आवाज ऐकत होतो. मध्ये एकदा तो थांबला होता.

नवे हात यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत मी दालचिनीचे किती पाव खाल्ले, ते वासंती हे वाचणार असल्याने सांगता येत नाही. तंत्रज्ञाने नवी बोटं बसवली आणि जाताना हात जोडून, अगदी आपल्या पद्धतीने, विनंती केली, की पुन्हा नको.

त्याच दुपारी टपालाने एक पाकीट आलं. त्यात जाड लाल लोकरीची हाताने विणलेली टोपी होती, पण ना गोदूच्या मापाची, ना आमच्यापैकी कोणाच्या. सोबत चिठ्ठी. तन्मयने वाचली: 'आमच्या विभागाला कोणाला भेट देता येत नाही. तेव्हा हे सुरक्षा-साधन समजावं. आजींच्या डोक्यासाठी. साइया.'

टोपी खांबावर बरोब्बर बसली.

दुसऱ्या दिवशी न्हाऊ. डावा पाय, उजवा पाय, पोट, छाती. टॉवेल. मग हात वर आले, आणि हवेत थांबले. अडीच वर्षांची भीती होती ती.

"घे," मी पडद्याकडे बघून म्हणालो.

"मोडतील हो."

"नाही मोडणार. तुला आता डोकं आलंय."

चापट मला बसलीच, ती वेगळी. मग हात गोदूच्या चेहऱ्यावरून ओवाळून मागे गेले आणि लाल लोकरीवर दहा बोटं दाबली गेली. काही मोडलं नाही. आवाजही झाला नाही, लोकर जाड होती.

तो गोदूने काढला.